ढोराचा विषय

११ जानेवारी, भातकुली

माया म्हणाली, "रडाचं असन तं वहीत रड, माह्या कानात नको. मले ड्युटी असते." माया माझी शाळेपासूनची मैत्रीण, अकोल्याला नर्सिंग शिकते. रोज सायंकाळी माझं रडगाणं ऐकून तिचे कान किटले. म्हणून ही वही.

तर पहिलं रडणं. मला जनावरांची डॉक्टर व्हायचं आहे. बारावी सायन्स होऊन दीड वर्ष झालं. फिजिक्स ३८, केमिस्ट्री ४१, इंग्रजी ४९, गणित ३६. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकले आणि अकरावीत एकदम इंग्रजी. पहिले सहा महिने मला वाटायचं, मॅडम मागच्या बाकावरच्या कुणाशी तरी बोलत आहेत. एकच विषय चमकला, पशुविज्ञान आणि दुग्धव्यवसाय. दोनशेपैकी १७८, कॉलेजात पहिली. हा द्विलक्षी विषय, म्हणजे दोन विषय सोडायचे आणि त्यांच्या जागी हा एक घ्यायचा. मी मराठी आणि बायोलॉजी सोडली.

बारावी झाली त्याच पावसाळ्यात बाबा कामावर पडले (गवंडी आहेत), त्यांचा पाय मोडला आणि एक वर्ष घरातच गेलं. गेल्या ऑगस्टात मी अकोल्याला पशुवैद्यकीय कॉलेजात चौकशीला गेले. खिडकीतल्या बाईंनी माझी गुणपत्रिका पाहिली, मागून पाहिली, पुन्हा पुढून पाहिली. "बायोलॉजी कुठं आहे?" मी पशुविज्ञानावर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "हे नाही चालत."

ढोराच्या डॉक्टरला ढोराचा विषय चालत नाही. मी हसलेच. मग बाहेर येऊन कडुनिंबाखाली बसून पोटभर रडले.

बाई भल्या होत्या, त्यांनी कागदावर मांडून दिलं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी मिळून चारशेपैकी मला एकशे नव्वद पाहिजेत. तीन विषयांचे १२८ आहेत. बायोलॉजीची परीक्षा वेगळी देऊन बासष्ट आणायचे. शिवाय मे महिन्यात नीट. बासष्ट हा आकडा मी घराच्या दारामागे खडूने लिहिला आहे. आईला वाटलं बकऱ्यांचा काही हिशेब आहे.

१९ जानेवारी

रविवार. अमरावतीला इंगोले सरांकडे गेले. सर म्हणजे आमचे पशुविज्ञानाचे सर. बायोलॉजी त्यांचा विषय नाही, तरी दर रविवारी तीन तास शिकवतात आणि फी म्हटलं की कानावर हात ठेवतात. परीक्षेचा फॉर्म त्यांनीच भरून घेतला, प्रॅक्टिकलला लॅब त्यांनीच मिळवून दिली. त्यांची मुलगी नागपूरला दातांची डॉक्टर होते आहे, तिच्या बायोलॉजीच्या वह्याही मला दिल्या. काय अक्षर आहे! आज शिकवता शिकवता सर मध्येच थांबले आणि विचारलं, "देवरावजी काही म्हणतात का माझ्याबद्दल?" मी म्हटलं, नाही.

खोटं बोलले. देवरावजी म्हणजे बाबा. ते म्हणतात ते सरांना कसं सांगायचं? सरांचं नाव काढलं की बाबांचं तोंड कडू होतं. आजही घरी आल्यावर म्हणाले, "फुकट कोनी काई देत नसते, दर्शू."

"बाबा, सरांना काय माहीत होतं नियम बदलतील म्हणून?"

"नियम काई बदलला नाई. तवाबी हाच होता. मी इचारलं त्या बाईले फोनवर."

बाबांना माणसांवर विश्वासच नाही. मला तर अजून आठवतं, दहावीनंतर सर स्कूटरवर तीनदा आमच्या घरी आले होते. गवंड्याच्या घरी कॉलेजचे सर! आईने तिन्ही वेळा चहा केला. "ढोराची डॉक्टर व्हायचं ना तुले? मंग ढोराचाच विषय घे बेटा. बायोलॉजीत काय हाय, झाडाचे पानं अन् फुलं." तुकडीला वीस मुलं लागतात, नाहीतर तुकडी बंद होते. मी विसावी. मी नाव घातलं त्या दिवशी सरांनी सगळ्या वर्गाला पेढे वाटले. माझ्या नावाने कुणी पेढे वाटल्याची ती एकच वेळ.

३ फेब्रुवारी

प्रॅक्टिकल झालं. कांद्याच्या मुळाची स्लाईड माझी सगळ्यात चांगली आली. तीसपैकी सत्तावीस मिळतील असं लॅबच्या मॅडम म्हणाल्या. म्हणजे लेखीत पस्तीस. सत्तरपैकी पस्तीस कोणीही आणेल.

कोणीही म्हणजे कोण, हा प्रश्न आहेच.

९ फेब्रुवारी

शेजारच्या जयवंता आजीची बकरी अडली. सकाळपासून कळा देत होती आणि एकच पाय बाहेर. सरकारी डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले. आजी दाराशी उभी, "दर्शे, तूच पाह्य वं माय."

हात साबणाने कोपरापर्यंत धुतला, तेल लावलं. आत हात गेला की मला डोळे मिटूनच दिसतं. पिल्लाची मान मागे वळली होती. पाय आत ढकलला, दोन बोटांनी जबडा धरला, कळ थांबेपर्यंत थांबले आणि मान सरळ केली. मग ते आपोआप आलं. मागून दुसरं. दुसरं मेलेलं होतं. पहिलं दहा मिनिटांत उभं राहिलं आणि पडलं, पुन्हा उभं राहिलं. आजीने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

घरी येऊन वही उघडली. परागनलिका बीजांडात कशी शिरते ते इंग्रजीत लिहायचं होतं. चार ओळी लिहिल्या आणि पाचवी आठवेना. हातांना सगळं येतं, डोक्याला काही येत नाही. परीक्षा मात्र डोक्याची घेतात.

१ मार्च

बायोलॉजीचा पेपर होऊन गेला. दोन प्रश्न लिहायचे राहिले. एका उत्तरात मी आकृतीच इतकी सुंदर काढत बसले की वेळ संपला. या मूर्खपणाला औषध नाही.

४ मे, अकोला

नीट. मायाच्या खोलीवर उतरले. दुपारी दोनचा पेपर आणि अकोल्याचं ऊन. फाटकाशी एका बाईंनी नाकातली चमकी काढायला लावली. ती निघेना, मी रडकुंडीला आले, शेवटी एका अनोळखी मुलीच्या आईने काढून दिली.

फिजिक्सचे पंचेचाळीस प्रश्न. मी नऊ सोडवले. नवव्यानंतर शाई वाळल्यासारखी बसून राहिले. माझ्या पुढचा मुलगा फिजिक्स पाहून हसायला लागला, वेड लागल्यासारखा. बायोलॉजी बरी गेली. पण नुसत्या बायोलॉजीवर काय होणार?

मायाने पन्हं करून ठेवलं होतं. "कसा गेला?" म्हणून विचारलं नाही तिने. माझा चेहराच गुणपत्रिका होता.

५ मे, भातकुली

आजच बारावीचा निकाल. एसटीत बसल्या बसल्या मोबाईलवर पाहिला.

५५.

बासष्ट पाहिजे होते. लेखीत अठ्ठावीस. सात मार्कांनी गेलं. बडनेऱ्यापर्यंत मी मोबाईल पालथा धरून बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, "कोनी गेलं का वं तुह्यं?" मी मान हलवली. त्या बिचाऱ्या बाईने माझा हात हातात धरून ठेवला आणि मी तो धरू दिला. खोट्या दुःखासाठी मिळालेली खरी माया घेतली मी.

९ मे

उठावंसं वाटत नाही. आईने दारामागचा आकडा ओल्या फडक्याने पुसला. मी पाहिलं आणि कूस बदलली. मला कशाचाच उपयोग नाही. मी बकऱ्या राखीन. तेवढं तरी बिनमार्कांचं आहे.

१३ मे

सरांचा फोन. जुलैत पुरवणी परीक्षा असते, तिच्यात पुन्हा बसता येतं! फॉर्म सतरा तारखेपर्यंत आहे. तो कॉलेजच्याच संगणकावरून जातो आणि उन्हाळ्यात ते काम सरांकडे असतं. सर म्हणाले, "काळजी करू नको, मी बसलो हाओ." देवमाणूस.

आज दहावीचाही निकाल लागला, त्यामुळे सर नव्या तुकडीसाठी गावोगाव हिंडत आहेत. म्हणाले, "परवा नांदगावले चाल माझ्यासोबत. एकशे अठ्ठ्याहत्तरवाली पोरगी लोकायले दाखवतो. तिकून आलो की तुझा फॉर्म भरू." मी लगेच हो म्हटलं. सरांसाठी एवढं तरी करायलाच पाहिजे.

बाबा ऐकत होते. उठून बाहेर गेले.

१५ मे

कसं लिहू तेच कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

नांदगाव खंडेश्वरला दोन घरी जाऊन आलो आणि मग तिसरं घर. मुलीचं नाव सीमा, दहावीला ७४ टक्के. वडील शेतात गेलेले, आई घरात. अंगणात बैलजोडी आणि एक आजारी गोऱ्हा. मुलीने त्याच्या पायाला हळद आणि तेलाची पट्टी बांधलेली. नीट बांधलेली, गाठ बाहेरच्या बाजूला. सरांनी माझी ओळख करून दिली, माझे मार्क सांगितले. सीमाच्या आईने मला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसली. मला लाजल्यासारखं झालं.

सर म्हणाले, "एकोणीस नावं झाले ताई. तुमची पोरगी आली की वीस. हुशार पोरगी हाय, ढोराची आवड हाय, मंग ढोराचाच विषय नको का?"

तेच शब्द. मला वाटलं, माझं घर आहे हे आणि मीच खाली बसले आहे.

सीमाने माझ्याकडे पाहून विचारलं, "ताई, मले जनावराचं डॉक्टर व्हाचं हाय. बायोलॉजी सोडली तं चालते ना?"

सरांनी बशीतला चहा फुंकला. वर पाहिलं नाही. म्हणाले, "इचार तुझ्या ताईले."

मला बोलता येत होतं. जीभ जागेवर होती. पण सतरा तारीख डोळ्यांसमोर उभी राहिली आणि फॉर्म भरणारे हात सरांचे. मी म्हणाले, "सर सांगतील ना."

"चालते वं," सर म्हणाले, "काहून नाई चालत?"

आईने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सरांनी कागदावर सीमाचं नाव लिहिलं. मी दोन बिस्किटं खाल्ली. दोन. तिथून कॉलेजात आलो. वीज नसल्यामुळे फॉर्म राहिला. "परवा ये," म्हणाले.

१६ मे

सकाळी अभ्यासाला बसले. सरांच्या मुलीची वही उघडली आणि पहिल्या पानावर नजर गेली. पाच महिने रोज हीच वही उघडते आहे आणि ते पान कधी वाचलंच नाही. इयत्ता अकरावी. खाली वर्ष लिहिलेलं. ते माझंच वर्ष होतं.

ज्या उन्हाळ्यात सर आमच्याकडे तीनदा चहाला आले, त्याच उन्हाळ्यात त्यांच्या घरी बायोलॉजीची पुस्तकं येत होती. सरांना बायोलॉजी कशाला लागते ते माहीत होतं. पूर्ण माहीत होतं.

बाबा भाकर खात होते. मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वाचली आणि बाजूला ठेवली.

"तुमाले ठाऊक होतं तं सांगतलं काहून नाई मले?"

"सांगतच होतो ना वं. तू आयकून राहिली होती का?" मग म्हणाले, "अन् तो एकटाच तं शिकवून राहिला होता तुले. मी काय शिकवनार, इटा रचाले?"

बाबांवर ओरडावं की त्यांच्या गळ्यात पडावं, मला समजेना. दोन्ही केलं नाही.

दुपारभर मी स्वतःशी भांडले. आज सीमाच्या घरी फोन केला तर सरांना कळणार. उद्या संध्याकाळी फॉर्मची मुदत संपते. परवा फोन केला तर काय बिघडतं? सीमाच्या प्रवेशाला अजून पंधरा दिवस आहेत. अगदी शहाणपणाचा विचार. मी तो तीनदा केला आणि तिन्ही वेळा पटला. तरी चार वाजता मी फोन लावला, का ते सांगता येणार नाही. परवापर्यंत मी तेवढी चांगली राहीनच याची खात्री नव्हती, म्हणून असेल.

नंबर सीमानेच निघताना दिला होता. तिच्या आईने उचलला.

"काकू, सीमाले बायोलॉजी सोडू देऊ नका. सोडली तर डॉक्टर नाई होता येत. मी सोडली होती."

 त्या म्हणाल्या, "मंग काल आमच्या घरी बसून काहून नाई बोलली वं?"

आजचं रडणं यावरचं आहे. 

१७ मे

अकरा वाजता कॉलेजात पोचले. सर एकटेच संगणकासमोर. पंखा बंद. मला पाहून म्हणाले, "नांदगावहून फोन आला होता."

मी उभीच राहिले. बसायची हिंमत नव्हती. मला वाटलं, गेलं. हेही वर्ष गेलं, माझ्या हाताने घालवलं.

सर म्हणाले, "बस." आणि फॉर्म उघडला. आडनाव, नाव, जन्मतारीख सगळं न विचारता भरलं. मी एकदम बोलले, "सर, माझ्या वेळी तुम्हाला माहीत होतं ना?"

"आईचं नाव सांग."

तीनदा चहा प्यायलेत तिच्या हातचा. "केशर," मी म्हणाले. त्यांनी एका बोटाने ते टाईप केलं. मग विषय. मग बैठक क्रमांक. मग पडद्याकडे पाहतच म्हणाले, "एकोणीस होते तवा. तुकडी बंद झाली असती तं मले गडचिरोलीकडे पाठवणार होते. पोरगी अकरावीत जात होती. मी म्हटलं, एखादं वर्ष. एखाद्या वर्षानं काय होते?"

"सर, माझी दोन वर्षं गेली."

"हो."

"आणि परवा तुम्ही सीमाला मलाच विचारायला लावलं."

 सर चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. तेवढ्या वेळात मला त्यांचा केवढा राग यायला पाहिजे होता! आलाही. पण फॉर्म अजून गेलेला नव्हता, म्हणून मी तो गिळून बसले. नंतर त्यांनी बटण दाबलं, पावती निघाली, ती माझ्या हातात दिली. आणि माझ्या तोंडून निघालं, "थँक्यू सर."

एसटी स्टँडपर्यंत मी स्वतःला शिव्या घालत आले. आईला सांगितलं तर आई म्हणाली, "गरजवंताले अक्कल नसते, बाई." तिने ते मायेनेच म्हटलं, तरी लागलं.

१ जून

रविवार. सरांकडे गेले नाही. त्यांचा एक मिस्ड कॉल. वह्या बाबांच्या हाती परत पाठवल्या होत्या. बाबा म्हणाले, सरांनी दारात घेतल्या आणि "अभ्यास करते ना?" एवढंच विचारलं. नुसतं पुस्तक घेऊन बसते आता. न समजलेला शब्द मोठ्याने वाचते. समजत नाही तरी बकऱ्या ऐकतात.

१४ जून

नीटचा निकाल. १८७. पात्र, पण माया म्हणते एवढ्यावर कुठेच नंबर लागत नाही. तिला कुणाचं मन राखायची सवय नाही, चांगली नर्स होईल की नाही देव जाणे. आज जेवले नाही.

२९ जुलै

६६.

बाबांनी मोबाईल घेतला, आकडा दोन बोटांनी मोठा करून पाहिला, मग गल्लीत गेले आणि जयवंता आजीपासून सगळ्यांना दाखवून आले. आई चुलीपुढे बसून रडली. सरांचा मेसेज आला, अभिनंदन. आणखी एक कळलं तेही लिहितेच: एकोणीसच मुलं झाली, तुकडी बंद. सर पुढच्या महिन्यात बदलीवर जातील. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. अजूनही वाटतं आहे, आणि तरी मी फोन केला ते बरोबरच होतं. या दोन गोष्टी एकाच पोटात कशा राहतात ते मला कळत नाही. मेसेजला उत्तर दिलं नाही.

११ ऑगस्ट, अकोला

आज अर्जाचे कागद दाखवून आले. खिडकीत त्याच बाई होत्या, त्यांनी मला ओळखलं नाही. बेरीज करून म्हणाल्या, "एकशे चौऱ्याण्णव. पात्र." मग नीटचे मार्क पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "यंदा कठीण आहे हं, ताई. यादी पुष्कळ वर थांबते."

"माहीत आहे," मी म्हटलं, "तरी घ्या."

त्यांनी घेतला. बाहेर आले, रडू आलं नाही म्हणून जरा थांबून पाहिलं, तरी आलं नाही. यंदा मला प्रवेश मिळणार नाही. नऊ प्रश्न सोडवणाऱ्या मुलीला कोण घेईल? पण हे 'नाही' माझं स्वतःचं आहे. कोणाची तुकडी भरण्यासाठी मला मिळालेलं नाही.

मायाने विचारलं, आता काय. म्हटलं, फिजिक्स. ती कपाळाला हात लावून हसली. बाबांना फोन केला, तेव्हा ते कामावर होते, मागे घमेल्यांचा आवाज येत होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मंग पुढच्या वर्षी पुन्हा जाजो. मी येतो सोबत. मले त्या बाईले एकदा पाह्यचं हाय."